केळीची फणी घेऊन वेदीपर्यंत

पत्रिकेवर ‘दुपारी ४ वाजता, मिस्सा व विवाहविधी’ असं छापलेलं होतं. मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. त्याखाली शेजारणीने निळ्या पेनाने लिहिलं होतं, ‘चार म्हणजे चारच. आणि आधी चर्चमध्ये या, हॉलवर नंतर.’

तिने हे का लिहिलं ते मला लगेच कळलं, आणि मनाला लागलंही. काही वर्षांपूर्वी तिच्या दिराच्या लग्नाला आम्ही कॉलनीतली सगळी मंडळी थेट हॉलवर गेलो होतो. आहेर दिला, जेवलो, स्टेजवर फोटो काढला आणि घरी आलो. ‘आपल्याला तिथलं काय कळणार’ आणि ‘आपण आत गेलेलं चालतं की नाही’ या दोन शंकांपायी प्रत्यक्ष लग्न लागताना शेजारपाजारचं एकही माणूस तिथे नव्हतं. ती कधी बोलून दाखवणारी बाई नाही. पण या वेळी लग्न तिच्या लेकीचं होतं. ही पोर माझ्या ओट्यावर खेळून मोठी झाली, दहावीचं गणित माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून शिकली. तिच्या लग्नाला मी चारच्या आधी पोचणारच होते.

आमचं गाव भुसावळ. रेल्वेमुळे वाढलेलं. रेल्वेबरोबर गोवा, मंगळूर, तमिळनाडू अशी कुठकुठली माणसं इथे आली आणि इथलीच झाली. शेजारणीचं माहेर मूळचं गोव्याचं, पण जन्म भुसावळचा. सासर श्रीरामपूरकडचं, पिढ्यानपिढ्या मराठी बोलणारं कॅथलिक घराणं. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, यात्रेला दर सप्टेंबरात जाणारं. घरात मराठी, आईशी फोनवर कोंकणी, आणि बाजारात वांगी घेताना अस्सल खानदेशी ठसका. नवरामुलगाही श्रीरामपूरकडचाच, कॅथलिकच.

लग्न ठरल्यापासून मी तिची धावपळ बघत होते. मला वाटायचं, त्यांच्यात पंचांग नाही, मुहूर्त नाही, म्हणजे हवं तेव्हा लग्न. तसं नसतं. मुहूर्त नसला तरी काळ पाळतात. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ हा प्रायश्चित्ताचा, त्यात सहसा लग्नं ठेवत नाहीत. म्हणून ईस्टर उलटून गेल्यावरची मे महिन्यातली तारीख धरली. मुलामुलीच्या बाप्तिस्म्याचे, म्हणजे ख्रिस्ती दीक्षाविधीचे, दाखले नव्याने काढावे लागले, तेही सहा महिन्यांच्या आतले. दोघांना लग्नाआधीचा कोर्स करावा लागला. पैसा, संताप, मूलबाळ, सासर-माहेर या सगळ्यावर तिथे उघड बोलतात म्हणे. मग सलग तीन रविवार दोघांच्याही चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी जाहीर घोषणा: अमक्याचा मुलगा, तमकीची मुलगी, यांचा विवाह ठरला आहे, कुणाला काही अडचण ठाऊक असेल तर फादरांना कळवावी. मुलगी म्हणाली, “मावशी, पहिल्या रविवारी माझं नाव वाचलं ना, तेव्हा मला खरं वाटलं की माझं लग्न आहे.”

आदल्या संध्याकाळी अंगणात मांडव पडला आणि तिथे दोन्ही घराण्यांचं सगळं एकत्र झालं. सासरकडच्या बायकांनी हळद लावली, अगदी आपल्यासारखी, पाच सवाष्णींनी. मग माहेरकडच्यांनी रोस केला. रोस म्हणजे नारळाचं दूध. किसलेल्या खोबऱ्याचं घट्ट दूध काढून ते मुलीच्या डोक्याला, हातापायांना लावतात आणि मग तिला न्हाऊ घालतात. माहेरच्या म्हाताऱ्या बायका कोंकणीतून गाणी म्हणत होत्या, मधूनच आमच्या सासूबाईंनी जात्यावरची एक ओवी म्हटली. त्या बायकांनी ती दुसऱ्या ओळीपासून उचलून धरली. शब्द कुणाला कळले नसतील, पण चाल बसली.

त्याच रात्री शेजारणीने मला बाजूला घेतलं. “उद्या अर्पणाच्या वेळी तू पुढे ये. भाकर आणि द्राक्षारस आमचे नातेवाईक आणतील. त्याच्यामागून आपल्या मातीचं काहीतरी न्यायचं असतं. फादरांना विचारलंय मी.” मी विचारलं, आपल्या मातीचं म्हणजे? ती हसली. “रावेरची केळी, अजून काय.”

*

दुसऱ्या दिवशी पावणेचारला पोचलो. मी, हे, आणि सासूबाई. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. चर्चच्या दाराशी सासूबाईंनी सवयीने चपला काढल्या. इथे चपला घालून आत जातात. काही गावांतल्या चर्चमध्ये बाहेरही काढतात. दारातला स्वयंसेवक म्हणाला, “आजी, घातल्या तरी चालतात.” त्या म्हणाल्या, “राहू दे बाबा, देवाचं घर आहे.” त्याने चपला उचलून सावलीत ठेवल्या. तेवढं ऊन होतं.

दाराच्या बाजूला भिंतीत लहानसं दगडी भांडं, त्यात पाणी. सासूबाईंनी तीर्थासाठी धरतात तसा तळहात पुढे केला. मागून येणाऱ्या एका बाईंनी हळूच त्यांचं बोट धरलं, पाण्यात टेकवलं आणि कपाळाला लावून दाखवलं. हे पाणी प्यायचं नसतं. आत येताना स्वतःच्या बाप्तिस्म्याची आठवण म्हणून त्यात बोट बुडवून क्रूस करायचा. आपण ख्रिस्ती नसलो तर काही न करता सरळ आत गेलं तरी कुणाला वावगं वाटत नाही.

बसायचं कुठे हा पाहुण्यांना पडणारा पहिला प्रश्न. पुढचे दोन-तीन बाक घरच्यांसाठी असतात, बाकी कुठेही बसा. मी सांगेन की मधल्या वाटेच्या कडेला, मध्यावर बसा. पुढच्या लोकांकडे बघून कधी उठायचं, कधी बसायचं ते कळतं. बाकाच्या खाली एक बारीक, गादी लावलेली फळी असते. ती पाय ठेवायला नाही, गुडघे टेकायला. आमच्याकडून चूक होता होता राहिली, कारण माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या आजींनी आधीच सांगितलं. आजी ऐंशीच्या पुढच्या, मुलीच्या नात्यातल्या. त्या तासाभरात त्यांनी मला जे कानात सांगितलं तेच मी इथे लिहिते आहे.

चार वाजता घंटा झाली. चार म्हणजे चारच. सगळे उभे राहिले. आधी छोट्या मुली फुलांच्या परड्या घेऊन, मग करवल्या, मग मुलगी वडिलांच्या हाताला धरून. तिने पांढरी साडी नेसली होती, डोक्यावर पांढरी जाळी, हातात गुच्छ. सासूबाईंचा चेहरा थोडा उतरला. आपल्याकडे नवरीच्या अंगावर पांढरं म्हणजे काळजात चर्र होतं. आजींना ते दिसलं असावं. त्या म्हणाल्या, “बाळाला बाप्तिस्मा देतात तेव्हा पांढरं घालतात. तेच वस्त्र लग्नात. आणि मेल्यावर पेटीवरही तेच पांढरं.” जन्म, लग्न, मरण यांना एकच रंग. सासूबाईंनी मान डोलावली. संध्याकाळी हॉलवर तीच पोर लालभडक शालू नेसून आली तेव्हा त्या सुखावल्या, ही गोष्ट वेगळी.

दोघंही कॅथलिक असले की लग्न पूर्ण मिस्सेत लागतं, सव्वा-दीड तास धरून चाला. एक जण दुसऱ्या धर्माचं असेल तर बिशपांची परवानगी घ्यावी लागते आणि विधी सहसा मिस्सेशिवाय, आटोपशीर होतो. आपली खानदेशातली चर्चं नाशिक धर्मप्रांतात येतात. १९८७ साली पुण्यातून तो वेगळा झाला. आजींना ते सगळं आठवत होतं. त्यांचं स्वतःचं लग्न त्याच्याही खूप आधीचं, साठच्या दशकाच्या सुरुवातीचं. “तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये असायची. फादर वेदीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ. आम्ही माळ जपत बसायचो.” १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये जी मोठी परिषद भरली, तिच्यानंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आली. म्हणून आज मला सगळं मराठीत ऐकायला मिळत होतं. वेदीजवळ समई होती, तिच्या टोकाला मोराऐवजी क्रूस. गाणाऱ्या मुलांजवळ पेटी आणि तबला.

बसून ऐकायची वाचनं झाली. दुसरं वाचन संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं, तेराव्या अध्यायातलं: प्रीती कशी असते आणि कशी नसते. मग शुभवर्तमानासाठी, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राच्या वाचनासाठी, सगळे उठले आणि प्रत्येकाने अंगठ्याने कपाळावर, ओठांवर आणि छातीवर बारीक क्रूस काढला. ऐकलेलं डोक्यात राहावं, तोंडी यावं आणि मनात ठसावं म्हणून. वाचलं ते योहानाच्या दुसऱ्या अध्यायातलं काना गावचं लग्न. लग्नघरी द्राक्षारस संपतो. येशूची आई ते आधी ओळखते आणि मुलाला सांगते. सहा दगडी रांजण पाण्याने काठोकाठ भरायला लावतात आणि त्या पाण्याचा द्राक्षारस होतो. मला आतापर्यंत ही गोष्ट चमत्काराची म्हणूनच माहीत होती. त्या दिवशी फादर म्हणाले, यजमानाची अब्रू जाऊ नये म्हणून केलेलं हे पहिलं काम आहे. पंगतीत वरण कमी पडलं तर लेकीच्या बापाचं काय होतं ते आम्हा खानदेशच्या माणसांना वेगळं सांगायला नको. आमच्या बाकावर सगळेच सावरून बसले.

प्रवचनात फादरांनी आणखी एक सांगितलं आणि माझ्यासाठी तेच सगळ्यात मोठं होतं. ते म्हणाले, “लग्न मी लावत नाही. हे दोघं एकमेकांना लावतात. मी चर्चच्या वतीने साक्षीला उभा आहे, आणि तुम्हीही.”

मग त्यांनी दोघांना पुढे बोलावलं. माइक त्यांच्या जवळ धरला. तीन प्रश्न विचारले. तुम्ही कुणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या मनाने इथे आला आहात का? आयुष्यभर एकमेकांवर प्रेम करायला आणि मान ठेवायला तयार आहात का? देव देईल ती मुलं प्रेमाने स्वीकाराल का? प्रत्येक प्रश्नाला दोघांचं वेगवेगळं, स्पष्ट उत्तर. त्यानंतर उजव्या हातात उजवा हात घेऊन आधी त्याने वचन म्हटलं, सुखात आणि दुःखात, आजारपणात आणि आरोग्यात. मग तिची पाळी.

पंखे चालू होते, बाहेर यार्डात इंजिनाची शिटी झाली, आणि तरी तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. पहिले दोन शब्द पुसट होते. तिने घसा साफ केला, त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. स्वतःचं नाव, त्याचं नाव, आणि मी तुला पती म्हणून स्वीकारते. एवढ्या माणसांत एकही मूल रडलं नाही, कुणी कुजबुजलं नाही.

माझं लग्न अमळनेरला लागलं. अंतरपाट होता, मंगलाष्टकं होती, अक्षता होत्या, सगळं साग्रसंगीत झालं आणि ते मला आजही प्रिय आहे. सप्तपदीही चालले. पण त्या दिवसभरात मी स्वतः एक वाक्य मोठ्याने बोलल्याचं मला आठवत नाही. भटजी म्हणत होते, मी मान हलवत होते. सासूबाई सगळा वेळ टक लावून बघत होत्या. माझ्या दंडाला धरून त्या हळूच म्हणाल्या, “पोरनी सोताना तोंडघाई सांगं.” पोरीने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. त्यांचं स्वतःचं लग्न चौदाव्या वर्षी झालं होतं. यापुढे त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

फादरांनी ते वचन स्वीकारल्याचं सांगितलं. देवाने जे जोडलं ते माणसाने तोडू नये. अंगठ्या आणि मंगळसूत्र एका ताटात ठेवून त्यांवर पवित्र पाणी शिंपडलं. हो, मंगळसूत्र. काळे मणी, दोन वाट्या आणि मध्ये इवलासा सोन्याचा क्रूस. नवऱ्याने ते घातलं, नणंदेने मागून फासा अडकवला.

सासूबाईंनी पदराच्या गाठीत अक्षता बांधून आणल्या होत्या. आत त्या टाकत नाहीत. आजींनी सांगितलं, “बाहेर पायऱ्यांवर टाका, तिथे आम्हीही फुलं उधळतो.” त्यांनी गाठ पुन्हा घट्ट बांधली. विधी संपून नवरा-नवरी दारातून बाहेर आले तेव्हा पहिली मूठ त्यांचीच होती.

अर्पणाच्या गाण्याला माझा नंबर आला. स्टीलच्या ताटात केळीची फणी, खाली केळीचंच पान. बारा केळी होती, नुकती पिवळी धरलेली, देठाकडे अजून हिरवी. त्या लाल फरशीवरून चालताना माझे हात कापत होते. पुढे भाकर आणि द्राक्षारस नेणारी दोन माणसं, त्यांच्यामागे मी. फादरांनी ताट दोन्ही हातांनी घेतलं, मला नमस्कार केला आणि ते वेदीच्या पायथ्याशी ठेवलं. शेजारीण पहिल्या बाकावर होती. तिने माझ्याकडे बघितलं. दिराच्या लग्नाचं ते ओझं माझ्या डोक्यावरून तिथे उतरलं.

पुढचा भाग पाहुण्यांनी नीट समजून घ्यायला हवा, कारण चूक इथेच होते. ख्रिस्तप्रसादाची रांग लागते. सगळे पुढे जातात, फादर प्रत्येकाच्या हातावर किंवा जिभेवर गव्हाची पातळ गोल चकती ठेवतात. ही रांग बघून आपल्याला वाटतं, प्रसाद आहे, घ्यायलाच हवा, नाही घेतला तर अपमान. तसं नाही. ते तिला प्रतीक मानत नाहीत, खुद्द ख्रिस्ताचं शरीर मानतात. त्यांच्यातल्यांनाही तयारीशिवाय घेता येत नाही. आधी तासभर उपाशी राहायचं, मनावर मोठं पाप असेल तर आधी ते फादरांकडे कबूल करायचं. त्या दिवशी आमच्याच कॉलनीतले एक गृहस्थ भक्तिभावाने रांगेत गेले, चकती हातात घेतली आणि घरी मुलांना द्यावी म्हणून रुमालात ठेवून जागेवर आले. एक स्वयंसेवक त्यांच्यामागोमाग आला, वाकून दोन शब्द बोलला आणि ती परत घेऊन गेला. कुणाचा आवाज चढला नाही. पण त्या गृहस्थांचा चेहरा पडला, आणि शेजारणीच्या नवऱ्याचाही. आदल्या दिवशी कुणी दोन वाक्यं सांगितली असती तर दोघांना ते सोसावं लागलं नसतं. म्हणून मी इतकं सविस्तर लिहिते आहे.

सासूबाईंनी विचारलंच, “आपले परसाद काब्र नही?” आपल्याला प्रसाद का नाही? आजींनी त्यांचे दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून दाखवले. असे हात ठेवून रांगेत गेलं की चकती देत नाहीत, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. त्या गेल्या. फादरांनी आशीर्वाद दिला. मी जागेवरच बसून राहिले, तेही चालतं. त्याआधी एकमेकांना शांती द्यायची वेळ येते तेव्हा मात्र सगळ्यांनी भाग घ्यायचा. आपल्याकडे हात जोडून, मान लववून ती देतात. पुढच्या बाकावरची अनोळखी माणसं वळून आम्हाला नमस्कार करत होती, आणि सासूबाई प्रत्येकाला उलट नमस्कार करत होत्या, एकालाही न चुकवता.

शेवटी वेदीच्या बाजूच्या टेबलावर नोंदवही उघडली. नवरा, नवरी, दोन साक्षीदार आणि फादर यांच्या सह्या. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली हीच लग्नाची नोंद. मुलीची सही मी ओळखली, दहावीच्या वहीवर करायची तीच, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी.

हॉलवरचं फार सांगत नाही. तिथे आपण सगळेच जातो. केक कापला, एका काकांनी जोडप्याबद्दल चार शब्द बोलून ग्लास उंच केले. न पिणाऱ्यांना कोकम सरबत होतं, त्यामुळे कुणाची अडचण झाली नाही. मग वेडिंग मार्च. जोड्या-जोड्यांनी हातात हात घालून हॉलभर चालायचं, आम्ही दोघंही चाललो. एका बाजूला सोरपोतेल हा डुकराच्या मांसाचा गोव्याकडचा पदार्थ, दुसऱ्या बाजूला शेवभाजी आणि वरण-बट्टी. शाकाहारी ताटं वेगळी मांडून त्यावर मराठीत पाटी लावली होती. आहेर पाकिटात द्यावा, भांडी नकोत. चर्चमधले कपडे खांदे झाकणारे असावेत, मोबाइल बंद असावा, आणि वचनं चालू असताना फोटोसाठी वाटेत उभं राहू नये. आजींनी सांगितलेलं हे उरलेलं.

मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मनमाडमार्गे सासरी गेली. श्रीरामपूरचं स्टेशन बेलापूर, तिथपर्यंतची तिकिटं होती. फलाटावर शेजारीण रडली नाही, मी रडले.

परतल्यावर दहाच्या सुमाराला ती आमच्या दारात आली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. अर्पणातली केळी फादरांनी बोर्डिंगच्या पोरांना वाटली होती, त्यातली दोन तिने सासूबाईंसाठी मागून आणली होती. रात्रीत ती पूर्ण पिवळी झाली होती, सालावर एक-दोन काळे ठिपके.

सासूबाईंनी केळी कपाळाला लावली. एक देवापुढे ठेवलं. दुसरं सोलून त्याचे तीन तुकडे केले; एक शेजारणीला दिला, एक मला, आणि उरलेला तोंडात टाकताना म्हणाल्या, “हाऊ मना परसाद.”